स्तनाच्या पेशींचं आपापसातलं बोलणं डिशमध्ये कसं वाचावं

दूधनलिकेचा आडवा छेद सूक्ष्मदर्शकाखाली धरला की दोन थर दिसतात. आत, पोकळीकडे तोंड करून, ल्युमिनल पेशी बसलेल्या असतात. त्यांच्याभोवती मायोएपिथेलियल पेशींचं वेटोळं असतं. ऑक्सिटोसिन आलं की याच पेशी आकसतात आणि दूध पुढे ढकलतात. या वेटोळ्याबाहेर लॅमिनिन आणि चौथ्या प्रकारचं कोलॅजन या प्रथिनांचं पातळ आधारपटल, म्हणजे प्रयोगशाळेत रोजच्या बोलण्यातलं बेसमेंट मेंब्रेन. त्यापलीकडे फायब्रोब्लास्ट (आधार देणाऱ्या जोडऊतीच्या पेशी), चरबी, रक्तवाहिन्या. पाळीच्या दर चक्रात इथल्या काही पेशी विभागतात, काही मरतात. गरोदरपणात ही सगळी रचना कितीतरी पटींनी फोफावते आणि बाळाचं दूध सुटलं की पुन्हा आवरली जाते. एवढी उलथापालथ होऊनही दोन थर दोनच राहतात, पोकळी मोकळीच राहते. कारण इथली कोणतीही पेशी स्वतःच्या मनाने विभागत नाही. शेजारणीकडून, आधारपटलाकडून आणि लांबच्या पेशींकडून आलेले निरोप जुळले तरच ती पाऊल उचलते.

हे बोलणं डोळ्यांनी पाहता येतं. त्यासाठी सपाट प्लॅस्टिकवरची पेशीवाढ सोडून पेशींना मऊ, लॅमिनिनयुक्त जेलवर वाढवावं लागतं. तिथे एकेक सुटी पेशी दोन-तीन आठवड्यांत पोकळ गोल बनवते. हा गोल कसा वाढवायचा, कुठे बिघडतो, आणि त्यात कोणता निरोप कुठे दिसतो, ते पुढे क्रमाने दिलं आहे.

कोण कोणाशी बोलतं

शेजारच्या पेशीला धरून ठेवण्याचं काम ई-कॅधेरिन करतं. हे प्रथिन कॅल्शियम असेल तरच ताठ राहतं, आणि पेशीच्या आत बीटा-कॅटेनिनमार्फत सांगाड्याला जोडलेलं असतं. गॅप जंक्शन ही दोन पेशींमधली आरपार नळी. ती कनेक्सिन नावाच्या प्रथिनांची बनते आणि साधारण १,००० डाल्टनपेक्षा लहान रेणू तिच्यातून जातात. आधारपटलाची खबर इंटिग्रिन ही पेशीच्या पृष्ठभागावरची प्रथिनं आणतात. त्यांच्यामुळे पेशीला आपली खालची बाजू कोणती ते कळतं, आणि म्हणून वरची कोणती तेही.

चौथा मार्ग लांबच्या निरोपांचा, आणि स्तनाच्या बाबतीत तोच सर्वांत जास्त चुकीचा समजला जातो. इस्ट्रोजेन आलं की इस्ट्रोजेन ग्राहक (ते हार्मोन पकडणारं प्रथिन, म्हणजे रिसेप्टर) असलेली पेशीच विभागते, असा सरसकट समज आहे. निरोगी स्तनात तसं होत नाही. ज्या पेशींत ग्राहक असतो त्या बहुधा विभागत नसतात, आणि विभागणाऱ्या पेशींत बहुधा ग्राहक नसतो. मानवी ऊतीत हे १९९७ मध्ये दाखवलं गेलं. उंदरांवरच्या प्रयोगांतून मधली साखळीही उलगडली आहे. ग्राहक असलेली पेशी अ‍ॅम्फिरेग्युलिन हा निरोपाचा रेणू बनवते, एडीएएम-१७ हे एन्झाइम ते तिच्या पृष्ठभागावरून कापून सोडतं, ते बाहेरच्या फायब्रोब्लास्टवरच्या ईजीएफ (वाढीचा निरोप देणारं प्रथिन) ग्राहकाला जाऊन लागतं, आणि फायब्रोब्लास्ट उलट वाढीचे निरोप नलिकेकडे धाडतात. प्रोजेस्टेरॉनही असंच रँक-लिगँड या निरोपाच्या प्रथिनामार्फत शेजारणीला उठवतं. बऱ्याच स्तनकर्करोगांत ही मधली साखळी गळून पडते आणि ग्राहक असलेली पेशी थेट स्वतःच विभागू लागते. हे लक्षात असेल तर फक्त एकाच प्रकारच्या पेशी असलेल्या डिशमधून हार्मोनविषयी निष्कर्ष काढायला हात धजणार नाही.

पेशी आणि मीडियम

सुरुवातीला एमसीएफ-१०ए घ्या. कर्करोग नसलेल्या स्तनऊतीतून आलेली ही पेशीमालिका आपोआप अमर झालेली आहे आणि शिकणाऱ्याला पुष्कळ माफ करते. तिच्या दोन मर्यादा आधीच माहीत हव्यात. तिच्या गोलात एकच थर असतो, वेगळा मायोएपिथेलियल थर बनत नाही. आणि तिच्यात पक्की टाइट जंक्शन (पेशींमधली फट बंद करणारे सांधे) बनत नाहीत, त्यामुळे त्यांतल्या झेडओ-१ या प्रथिनाचा रंग दिसला नाही म्हणून प्रयोग फसला असं समजू नका. वरच्या टोकाची दिशा काटेकोर तपासायची असेल तर एचएमटी-३५२२ मालिकेतल्या एस-१ पेशी घ्याव्या लागतात.

वाढीच्या ५०० मिलिलिटर मीडियमसाठी (पेशींच्या पोषक द्रवासाठी) डीएमईएम/एफ-१२ या तयार मूळ द्रवात घाला: घोड्याचं सीरम २५ मिलिलिटर, ईजीएफ (१०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर द्रावणातून) १०० मायक्रोलिटर, हायड्रोकॉर्टिसोन (१ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, इथेनॉलमध्ये) २५० मायक्रोलिटर, कॉलरा टॉक्सिन (१ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर) ५० मायक्रोलिटर, इन्सुलिन (१० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर) ५०० मायक्रोलिटर, आणि शंभरपट पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन ५ मिलिलिटर. इन्सुलिन नुसत्या पाण्यात विरघळत नाही, पाण्यात १ टक्का अ‍ॅसेटिक आम्ल लागतं. कॉलरा टॉक्सिनचं द्रावण ४ अंशांवर ठेवा, गोठवू नका. त्याची भुकटी हाताळताना हातमोजे घाला आणि ती उडू देऊ नका.

गोलांसाठीचं मीडियम वेगळं: सीरम २५ ऐवजी १० मिलिलिटर, आणि ईजीएफ आधीपासून अजिबात नाही. बाकी सगळं तेच. त्यात थोडं ईजीएफ आणि जेल वापरायच्या दिवशीच ताजं मिसळायचं.

पेशी दर तीन-चार दिवसांनी पसरवा आणि डिश गच्च भरण्याआधीच उचला. गच्च भरून राहिलेल्या पेशींचे गोल पुढे वेडेवाकडे येतात, आणि हे तेव्हा कळतं जेव्हा दोन आठवडे वाया गेलेले असतात. एमसीएफ-१०ए प्लॅस्टिकला फार चिकटून बसतात. ०.०५ टक्के ट्रिप्सिन-ईडीटीए घातल्यावर १० ते २० मिनिटं लागतात, घाईने आपटून काढू नका. ट्रिप्सिनसोबत ईडीटीए लागण्याचं कारण वर आलेलंच आहे: ते कॅल्शियम ओढून घेतं, ई-कॅधेरिनची पकड सुटते. म्हणजे पेशी सुट्या करणं हाच त्यांचं बोलणं तोडण्याचा पहिला प्रयोग असतो. मग २० टक्के सीरम असलेल्या मीडियमने ट्रिप्सिन थांबवा, सेंट्रिफ्यूजमध्ये १५० जी वर ३ ते ५ मिनिटं फिरवा, आणि गोलांच्या मीडियममध्ये पुन्हा मिसळा.

जेल

मॅट्रिजेल हे उंदरातल्या ईएचएस नावाच्या गाठीतून काढलेलं आधारपटल. त्यात मुख्यतः लॅमिनिन-१११, चौथ्या प्रकारचं कोलॅजन आणि निडोजेन. वाढघटक कमी केलेला प्रकार घ्या आणि प्रथिनांचं प्रमाण मिलिलिटरला ९ मिलिग्रॅमच्या वर असलेला लॉट निवडा. लॉटनुसार वागणूक बदलते, म्हणून एक लॉट तपासून पसंत पडला की पूर्ण प्रयोगाला पुरेल इतका एकदमच ठेवून घ्या. हे काटकसरीचं वाटत नाही, पण अर्ध्यात लॉट बदलला तर दोन बाजूंची तुलनाच उरत नाही.

आदल्या रात्री बाटली बर्फात रुतवून ४ अंशांच्या फ्रिजमध्ये वितळू द्या. पिपेटच्या टिपाही गार करा. १० अंशांच्या वर गेलं की हे जेल धरायला लागतं, आणि एकदा टिपेत धरलं की गुठळ्या होऊन जातं.

आठ खणांची काचेची चेंबर स्लाइड बर्फावर ठेवा. प्रत्येक खणात ४० मायक्रोलिटर जेल सोडा आणि टिपेच्या टोकाने कोपऱ्यांपर्यंत पसरवा. बुडबुडा येऊ देऊ नका. पिपेटचा दट्ट्या पूर्ण दाबला की हमखास येतो, म्हणून पहिल्या थांब्यावरच हात आवरा. थर साधारण अर्धा मिलिमीटर जाड बसतो. कडेला जेल वर चढतं आणि मध्यभागी पातळ होतं. मध्यभागी फार पातळ राहिलं तर पेशी खालच्या काचेला टेकतात आणि तिथे गोलाऐवजी सपाट चादर पसरते. स्लाइड ३७ अंशांवर १५ ते २० मिनिटं ठेवा. त्याहून फार वेळ ठेवलं तर जेल सुकतं आणि तीच चादर पुन्हा दिसते.

मऊपणा का महत्त्वाचा ते आकड्यांत पाहा. उंदराच्या निरोगी स्तनऊतीचा ताठपणा सुमारे १७० पास्कल मोजला गेला, गाठीचा सुमारे ४,००० पास्कल. हे काम २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. काच आणि प्लॅस्टिक याच्या लाखो पट ताठ. ताठ पृष्ठभागावर इंटिग्रिन एकत्र गोळा होतात, पेशीचा सांगाडा ताणला जातो, शेजारणीशी असलेली ई-कॅधेरिनची पकड सैल पडते आणि वाढीचा निरोप गरजेपेक्षा मोठा ऐकू येतो.

पेरणी

पेशी मोजा आणि मिलिलिटरला २५,००० असं मिश्रण १.८ मिलिलिटर करा. दुसऱ्या नळीत गोलांचं मीडियम १.८ मिलिलिटर घेऊन त्यात ७२ मायक्रोलिटर मॅट्रिजेल घाला. ईजीएफ आधी मिलिलिटरला १ मायक्रोग्रॅमपर्यंत पातळ करून त्यातलं १८ मायक्रोलिटर घाला. दोन्ही नळ्या हलक्या हाताने एकत्र करा. आता प्रत्येक खणात ४०० मायक्रोलिटर सोडलं की ५,००० पेशी, २ टक्के मॅट्रिजेल आणि मिलिलिटरला ५ नॅनोग्रॅम ईजीएफ पडतं.

पेशी खरंच एकेकट्या आहेत का, ते पेरल्या पेरल्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहाच. चार-पाचच्या पुंजक्यांपासून सुरुवात झाली तर पुढे गोल एकमेकांत मिसळतात आणि पोकळी कुठली कोणाची ते सांगता येत नाही. पुंजके दिसले तर ट्रिप्सिन कमी पडलं आहे. आठवडाभर वाट पाहून काही सुधारणार नाही, पुन्हा पेरा.

स्लाइड ओल्या कागदाच्या बोळ्यासह मोठ्या पेट्री डिशमध्ये ठेवा, नाहीतर कडेचे खण आटतात. ३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. दर चार दिवसांनी मीडियम बदला, त्यात प्रत्येक वेळी ताजं २ टक्के मॅट्रिजेल आणि ५ नॅनोग्रॅम ईजीएफ. जुनं मीडियम ओढताना टिप खणाच्या कोपऱ्यात टेका, जेलच्या मध्यावर कधीच नको.

दिवसागणिक काय दिसायला हवं

तिसऱ्या-चौथ्या दिवशी द्राक्षाच्या छोट्या घडासारखे काही पेशींचे गोळे. पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत बाहेरच्या पेशी आपली बाजू ठरवतात: अल्फा-६ इंटिग्रिन आणि लॅमिनिन-३३२ बाहेरच्या कडेला, ई-कॅधेरिन पेशींच्या मधल्या सीमांवर, गॉल्जीचं जीएम-१३० हे प्रथिन केंद्रकाच्या आतल्या अंगाला. सहाव्या ते आठव्या दिवसापासून आतल्या पेशी मरू लागतात. त्यांना आधारपटलाचा स्पर्श होत नाही, म्हणून जगण्याचा निरोपही मिळत नाही. कापलेल्या कॅस्पेस-३ चा (मरणाऱ्या पेशीची खूण) रंग नेमका मध्यभागी दिसतो. दहाव्या ते पंधराव्या दिवसांत विभागणी मंदावते, केआय-६७ चे (विभागणाऱ्या पेशीची खूण) ठिपके विरळ होतात, आणि पंधरा ते वीस दिवसांत गोल पोकळ होतो. वीस दिवसांनंतर जेल खचू लागतं, तेव्हा रंगवायचं काम लांबवू नका.

नुसत्या फेज कॉन्ट्रास्टवर पोकळी ठरवू नका. गोलाची कडा उजळ आणि मध्य करडा दिसतो, आणि भरलेला गोलही तसाच दिसू शकतो. कॉन्फोकलवर गोलाच्या अगदी मध्यातून घेतलेला छेदच ग्राह्य धरा.

रंगवणं

पेशी जागच्या जागी पक्क्या (फिक्स) करायला २ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइड, खोलीच्या तापमानाला, २० मिनिटं, धुराड्याच्या हूडमध्ये. ४ टक्के वापरलं तर जेल विरघळायला लागतं आणि गोल धुण्यात वाहून जातात. मग ०.५ टक्के ट्रायटन एक्स-१०० दहा मिनिटं ४ अंशांवर, १०० मिलिमोलर ग्लायसीन घातलेल्या पीबीएसने (क्षारांच्या बफर द्रावणाने) तीन वेळा धुणं, आणि १० टक्के बकरीच्या सीरममध्ये तास-दीड तास. मॅट्रिजेल उंदराचं असल्याने उंदरात बनवलेली अँटिबॉडी वापरली की सगळं जेलच चमकतं. त्यासाठी उंदराच्या इम्युनोग्लोब्युलिनवर बसणाऱ्या एफ-एबी तुकड्यांनी आणखी ४० मिनिटं झाकून घ्या. पहिली अँटिबॉडी रात्रभर ४ अंशांवर, दुसरी तासभर, मध्ये २० मिनिटांची तीन धुणी. शेवटी केंद्रकांसाठी डॅपी हा रंग.

मोजताना सुंदर गोल निवडण्याचा मोह होतो. स्लाइड ठरावीक रेषेत सरकवत जा आणि वाटेत येईल तो प्रत्येक गोल मोजा, प्रत्येक स्थितीत किमान ५०. पोकळ, अर्धवट, भरलेला असे तीन गट पुरतात. कोणता खण कोणता आहे ते मोजणाऱ्याला माहीत नसावं.

बोलणं मुद्दाम तोडून पाहणं

गोल नीट येऊ लागले की खरं काम सुरू होतं: एकेक निरोप बंद करायचा आणि काय कोसळतं ते पाहायचं.

ई-कॅधेरिनसाठी आधी सपाट थरावर सराव करा. भरलेल्या थरावर ४ मिलिमोलर ईजीटीए असलेलं मीडियम अर्धा तास ठेवा. ईजीटीए मिसळल्यावर पीएच उतरतो, तो पुन्हा ७.४ वर आणा, नाहीतर आम्लाचा परिणाम कॅल्शियमचा म्हणून नोंदला जाईल. पेशींमधली ई-कॅधेरिनची अखंड रेष तुटक होते आणि पेशी एकमेकींपासून मागे सरतात. नेहमीचं मीडियम परत दिलं की काही तासांत रेष पुन्हा जुळते. जुळली नाही तर पेशी मेल्या आहेत, प्रयोग बाद.

गॅप जंक्शनसाठी ओरखड्याची चाचणी सर्वांत सोपी. भरलेला थर कॅल्शियम-मॅग्नेशियम असलेल्या पीबीएसने तीनदा धुवा. कॅल्शियम नसलेलं घेतलंत तर पेशी तुमच्या हातानेच सुट्या होतील. मिलिलिटरला अर्धा मिलिग्रॅम ल्युसिफर यलो आणि तेवढंच १०,००० डाल्टनचं, लाल चमकणारं ऱ्होडामिन डेक्स्ट्रान घाला. धारदार पात्याने थरावर सरळ तीन ओरखडे ओढा. पाच मिनिटं थांबा, चार वेळा धुवा, फिक्स करा. ओरखड्याच्या कडेच्या फाटलेल्या पेशींत दोन्ही रंग शिरतात. डेक्स्ट्रान मोठं असल्याने तिथेच अडकतं. ल्युसिफर यलो ४५७ डाल्टनचं आहे, ते नळ्यांतून पुढच्या ओळींत झिरपतं. ओरखड्यापासून पिवळा रंग किती ओळी आत गेला ते मोजा. एका डिशला अर्धा तास आधी गॅप जंक्शन बंद करणारं १०० मायक्रोमोलर कार्बेनॉक्सोलोन द्या. तिथे रंग पहिल्या ओळीतच थांबला पाहिजे. लाल रंगही पुढे पसरलेला दिसला तर पातं बोथट होतं आणि पेशी चिरडल्या गेल्या.

पोकळी कशाने भरते, याचं उत्तर २००२ मधल्या कामाने फार नेमकं दिलं. गोलातल्या पेशींना फक्त जास्त विभागायला लावलं तर आतलं मरणही वाढतं आणि पोकळी टिकते. फक्त मरण रोखलं तर पोकळी उशिरा होते, पण होते. दोन्ही एकदम केलं तरच गोल भरून जातो. तेव्हा स्वतःच्या प्रयोगात गोल भरलेले दिसले तर केआय-६७ आणि कॅस्पेस-३ दोन्ही रंगवल्याशिवाय कारण लिहू नका. आणि सर्वांत आधी ईजीएफ तपासा. सवयीने वाढीचं २० नॅनोग्रॅमचं मीडियम ओतलं जाणं ही नेहमीची चूक.

उलट दिशेचा पुरावाही आहे. स्तनपेशींच्या अभ्यासक मिना बिसेल यांच्या गटाने १९९७ मध्ये एचएमटी-३५२२ च्या घातक टी४-२ पेशींना जेलमध्ये बीटा-१ इंटिग्रिन अडवणारी अँटिबॉडी दिली. जनुकांतले बिघाड तसेच राहिले, पण विस्कटलेल्या ढिगाऱ्यांऐवजी नीट बांधलेले गोल आले.

मायोएपिथेलियल पेशींचा वाटा पाहायचा असेल तर मॅट्रिजेल बाजूला ठेवा, कारण त्यात लॅमिनिन आधीच असतं आणि उत्तर झाकलं जातं. स्तनऊतीतून वेगळ्या केलेल्या ल्युमिनल पेशी पहिल्या प्रकारच्या कोलॅजन जेलमध्ये वाढवा. त्या गोल बनवतात, पण उलटे: एमयूसी-१, जे पोकळीकडे असायला हवं, ते बाहेरच्या कडेवर दिसतं. दुसऱ्या खणात त्याच पेशींत निरोगी मायोएपिथेलियल पेशी मिसळा, तिसऱ्यात नुसतं लॅमिनिन-१११ घाला. दोन्हींत एमयूसी-१ आत वळतं. चौथ्या खणात गाठीतून काढलेल्या मायोएपिथेलियल पेशी घातल्या तर बहुतेक वेळा गोल उलटेच राहतात, कारण त्या पेशी लॅमिनिन-१११ बनवत नाहीत. या चौथ्या खणाला लॅमिनिनचा रंग जरूर द्या. तिथे गोलाभोवती लॅमिनिनची कडी दिसत असेल तर वेगळ्या केलेल्या पेशींत निरोगी पेशी मिसळल्या असण्याची शक्यता धरा आणि वेगळं करण्याची पायरी पुन्हा करा.